मदत हवी आहे: मिरची कांडपाच्या डंकाजवळ गिऱ्हाईक उभं राहतं, त्यांना लांब कसं ठेवू?

मिरचीपूड:
नमस्कार. कराडजवळच्या गावात आमचं मिरची-मसाला कांडप आहे. सासूबाईंनी सुरू केलं, गेली चार वर्षं मी बघते. दोन डंक (मोटारीवर चालणारी उखळ-मुसळं), एक पल्व्हरायझर (बारीक पूड करणारं यंत्र), सीझनला चार बायका कामाला. होळीपासून पावसाला तोंड लागेपर्यंत जेवायला फुरसत नसते. मग उरलेलं वर्ष हळद, धने-जिरे यांवर भागवायचं.

गेल्या एप्रिलमध्ये एका गिऱ्हाईक आजींबरोबर त्यांची नात आली होती, पाच-सहा वर्षांची. आजी उखळात डोकावून बघत होत्या, पोरगी फिरत फिरत मोटारीच्या बाजूला गेली आणि तिची ओढणी पट्ट्यात ओढली गेली. आमच्या मावशींनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. ओढणी फाटली, मुलीला खरचटलंसुद्धा नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पट्ट्याला जाळी नव्हती. कधीच नव्हती.

जाळी बसवणारच आहे. खरी अडचण वेगळी आहे. आमच्याकडे लोक येतात तेच समोर उभं राहून कुटून घ्यायला. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, प्रत्येकीचं प्रमाण ठरलेलं. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हणून शेवटची मूठ कुटून होईपर्यंत कुणी जागची हलत नाही. सासूबाई म्हणतात, "लांब उभं केलंस तर लोक म्हणतील काहीतरी लपवतायत." त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही, कारण आमची सगळी जाहिरात म्हणजे हे डोळ्यांसमोर कुटणंच आहे.

मशीनवर अजून काय करावं? आणि गिऱ्हाईक लांब ठेवूनही त्यांचा विश्वास राहील, धंदा वाढेल, असं कुणी काही केलंय का?

तारजोड:
ताई, मी वायरमन आहे, सांगलीकडच्या बऱ्याच गिरण्यांची कामं केली आहेत. आधी हे सांगा, मोटार कशावर चालू करता? साधा खटक्याचा मेन स्विच असेल तर लाईट गेली की मशीन थांबतं, आणि लाईट आली की आपोआप सुरू होतं. त्या वेळी कुणाचा हात उखळात असेल तर काय होईल? हिरव्या-लाल बटणाचा डीओएल स्टार्टर बसवा. लाईट गेली की तो सुटतो, आणि पुन्हा हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार फिरत नाही. माझ्या मते जाळीइतकंच हे गरजेचं.

जाळी नटबोल्टने आवळा, अडकवलेली नको. अडकवलेली जाळी पट्टा बदलताना निघते आणि परत बसत नाही, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. कुटणारी बाई जिथे बसते तिथे हाताशी लाल आपत्कालीन बटण द्या, मेन स्विचपर्यंत धावायची वेळ यायला नको. अर्थिंग तपासून घ्या, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावा, म्हणजे करंट गळायला लागला की लाईट आपोआप तोडणारा स्विच.

बार्शीकर_गिरणी:
आमच्या डंकावर मुसळ वर गेलं की बायका हाताने मिरची सारायच्या. एकीच्या बोटाचं नख गेलं, तेव्हापासून लांब दांड्याचं लाकडी उलथणं दिलंय. पहिले आठ दिवस कुरकुर झाली, आता हात कुणीच घालत नाही. पदर खोचलेला, बांगड्या मागे सारलेल्या, वरून बटणाचा एप्रन.

खकाण्याला ओढणी बांधून भागत नाही, बारीक पूड कापडातून आत जाते. एन-९५ मास्क आणि बंद चष्मा द्या. एक्झॉस्ट फॅन असा लावा की हवा बाईच्या पाठीकडून येऊन तोंडासमोरून बाहेर जाईल. उलटा लावला तर सगळा खकाणा तिच्याच तोंडावर येतो. मिरची भाजायची शेगडी वेगळ्या खोलीत ठेवा, हवेत उडालेली बारीक पूड पेट घेऊ शकते.

कामावर इजा झाली तर भरपाई मालकावर येते, चारच बायका आहेत म्हणून सुटका नाही. कामगारांची विमा पॉलिसी सीझनच्या आधी काढा.

पेठेतली:
मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. दरवर्षी पुण्याहून माहेरी जाऊन मिरची कुटून आणते. मला मशीनला चिकटून उभं राहायचं नसतं, नाकातोंडात जातंच. मला फक्त माझी पिशवी दिसत राहायला हवी. मिरची माझ्यासमोर वजन करा, नावाची चिठ्ठी पाटीला लावा, उखळ माझ्यासमोर झाडून घ्या. मग मी चार हात लांब बाकड्यावर बसेन.

आणखी एक. तुम्ही वेळ ठरवून दिलीत तर मी दुप्पट खूश. "गुरुवारी अकरा वाजता या" असा व्हॉट्सॲप आला तर दोन तास खोळंबा नाही, आणि तुमच्याकडे गर्दीच नसेल. पोरं तिथे खेळत राहतात ती रांगेमुळेच.

बार्शीकर_गिरणी:
वेळेचं आम्ही करतो. पण एक ध्यानात ठेवा, ब्रॉडकास्ट यादीवरचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून बिल देतानाच नंबर सेव्ह करून घ्या. होळीच्या आठ दिवस आधी पहिला मेसेज. गूगल मॅपवर जागा टाका, वेळ आणि दर लिहा, मुंबई-पुण्याहून गावी आलेले लोक तिथेच शोधतात. पल्व्हरायझरला चुंबक बसवा, लोखंडाचा कीस धरतो. तो गिऱ्हाईकाला दाखवला की वेगळी जाहिरात लागत नाही.

मिरचीपूड:
सगळ्यांचे मनापासून आभार. तारजोड दादा, आमचा खटक्याचाच स्विच आहे. तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. उद्याच माणूस बोलावते. पेठेतली ताई, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. "बाकडं ठेवू, पण उखळ दिसलं पाहिजे," एवढ्यावर त्या तयार झाल्या.

आता एकच विचारायचंय. मध्ये कमरेएवढा लोखंडी कठडा करावा की अॅक्रिलिकचा पारदर्शक पडदा? कठड्यातून लहान मूल वाकून आत शिरेल का, ही भीती आहे. पडद्यावर चार दिवसांत पूड बसून काही दिसेनासं होईल, असंही वाटतं. कुणी केलं असेल तर फोटो टाका, आमची जागा बारा बाय अठरा आहे.