पाचवीत गणित राहिलं तर वर्ष जातं का?

पालक, मानेवाडा: मुलगा राज्य मंडळाच्या शाळेत आहे. वार्षिक परीक्षेत नापास झाला तर काय?

शिक्षक, सदर: लगेच वर्ष जात नाही. 2019च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) कलम 16 बदललं. पाचवी-आठवीत त्याच वर्गात रोखता येतं, पण पुनर्परीक्षेनंतरच. पाचवीला विषयाला 50 पैकी 18 गुण लागतात, आठवीला 60 पैकी 21. निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, मधे पूरक मार्गदर्शन.

सीताबर्डीकर: मार्गदर्शन कागदावरच हो! मे महिन्यात 45 अंशांत वर्ग कोण भरवणार? निकालाच्या दिवशीच उत्तरपत्रिका मागा. घोळ बहुधा भागाकारात दिसतो, मूळ मात्र हातच्याच्या वजाबाकीत असतं. आधी तीच पक्की करून घ्या, अपूर्णांक नंतर.

शिक्षक, सदर: बरोबर. आणि आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, दाखला घ्या म्हणाले तरी घेऊ नका.