आईचं माउथवॉश चार महिने चालू आहे, लगेच बंद करू का? (मदत हवी आहे)

माझी आई हर्णैला असते, वय ६४. मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. मशेरी लावायची सवय चाळीसेक वर्षांची. मे महिन्यात हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून दापोलीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दात साफ करून क्लोरहेक्झिडीन ०.२ टक्के हे माउथवॉश लिहून दिलं. १० मिली, दिवसातून २ वेळा, १५ दिवस. मी मुंबईला परत आले आणि पुढचं विचारायचं राहून गेलं, ही चूक माझी.

गणपतीला गेले तर वालाचं बिरडं खारट. वाटलं, गडबडीत पडलं असेल जास्त. दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजीही तशीच. आई म्हणते, "मला तर अळणी लागतंय गो." हिच्या हातचं मीठ कधी चुकल्याचं मला आठवत नाही. मग मोरीच्या फळीवर माउथवॉशच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या. शेजारचा मुलगा मेडिकलमधून आणून देतो. "तोंड स्वच्छ वाटतं" म्हणून तिने थांबवलंच नाही.

पुढचे दात तपकिरी झालेत, जीभही. ते डाग जावेत म्हणून ती मशेरी अजून जोरात घासते! त्यावर लगेच पेस्ट, लगेच माउथवॉश आणि लगेच चहा. रक्त थोडं कमी आहे, पण येतं.

औषध एकदम बंद केलं तर चालेल का? डाग जातील का? बीपी असताना इतकं मीठ पोटात जातंय याची मला फार काळजी वाटते.

प्रतिसाद १
मी दंतवैद्य आहे. आजच बंद करा, हळूहळू कमी करायची गरज नाही. या औषधाने खारट चव कळेनाशी होते, बंद केल्यावर ती बहुधा परत येते. तोवर मीठ दुसऱ्या कुणाला तरी घालू द्या. डाग दातांच्या वरवर असतात, दवाखान्यात पॉलिश करून निघतात. मशेरीने घासून हिरड्या मात्र सोलवटतील.

पुन्हा कधी लिहून दिलं तर पेस्टनंतर निदान अर्धा तास जाऊ द्या. पेस्टला फेस आणणाऱ्या द्रव्यामुळे याचा परिणाम कमी होतो. गिळायचं नाही, वर लगेच पाण्याने चूळ भरायची नाही. चहाने डाग वाढतात, त्यामुळे तोही नंतर.

अजून रक्त येतंय म्हणजे हिरडीच्या आत कीटण असू शकतं. तिथवर चूळ पोचत नाही, साफच करावं लागतं. साखर वाढलेली असली तर हिरड्या लवकर सुधारत नाहीत, म्हणून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. बीपीची गोळी अम्लोडिपिन असेल तर डॉक्टरांना सांगा, तिने काहींच्या हिरड्या सुजतात. आणि मशेरी जिथे लागते तिथे गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, ते उजेडात बघा. काहीही दिसलं तर थांबू नका, खेडला डेंटल कॉलेज आहे, तिथे न्या.

प्रतिसाद २
माझ्या सासूबाई माउथवॉशऐवजी कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरतात. तुमच्या आईंना बीपी आहे, तेव्हा थुंकायचं हे नीट समजावा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. बाटली बंद केली. बॅटरी लावून पाहिलं, डाव्या गालात खाली पांढरट पट्टा आहे. आई म्हणते तो जुनाच. सोमवारी खेडला नेतेय. इतक्या वर्षांची मशेरी कुणाच्या घरात सुटली असेल तर कशी, ते लिहा. १८००-११-२३५६ या तंबाखू सोडण्याच्या हेल्पलाइनवर कुणी बोललंय का?