मदत हवी आहे: जर्मन शिकवताना तुम्ही काय करणं सोडलंत, आणि तरीही मुलं बोलायला लागली?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका सीबीएसई शाळेत सहावी ते दहावीला जर्मन शिकवते. एका तुकडीत चाळीसच्या आसपास मुलं. संध्याकाळी घरी ए-वन आणि ए-टूच्या, म्हणजे भाषेच्या पहिल्या दोन पातळ्यांच्या, छोट्या बॅचेस असतात. इथे फ्रेंच, जपानी, स्पॅनिश शिकवणारे बरेच जण आहेत, परदेशात मराठी शाळा चालवणारेही आहेत, म्हणून इथेच विचारते.

नवीन काय करावं याच्या सूचना मला चिकार मिळतात. खेळ, ॲप, गाणी, प्रोजेक्ट, प्रत्येक कार्यशाळेतून काहीतरी हाती पडतंच. त्यातलं बरंचसं चांगलंही असतं, पण ते सगळं आधीच्या कामावर चढतं. आधीचं काही कमी होत नाही. मला उलटं विचारायचं आहे. तुम्ही कोणतं काम बंद केलंत, आणि ते बंद केल्यावर मुलांचं काही बिघडलं नाही?

परिस्थिती सांगते. एक म्हणजे आवाज. लागोपाठ तास, वरून पंख्यांची घरघर, आणि वर्गात सगळ्यात जास्त जर्मन बोलते ती मी. जानेवारीपर्यंत घसा बसतो. दुसरं म्हणजे वह्या. पर्यवेक्षिकांना प्रत्येक पानावर लाल शाई आणि तारीख हवी असते. रविवार त्यातच जातो. पालकही वही उघडून बघतात, एखादी चूक तपासायची राहिली असेल तर रात्री व्हॉट्सॲपवर फोटो येतो. त्यांचा राग मी समजू शकते, कारण आपण जे तपासत नाही ते शिकवलंच नाही असं त्यांना वाटतं.

एवढं करून हाती काय लागतं? लेखी परीक्षेत नव्वदच्या पुढे गुण मिळवणारी मुलं ए-वनच्या तोंडी परीक्षेला अडखळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोएथे इन्स्टिट्यूटच्या (आपल्याकडचं मॅक्स म्यूलर भवन) ए-वन परीक्षेत तोंडीचे तीन भाग असतात. आधी स्वतःची ओळख, मग कार्डावरचा शब्द बघून प्रश्न विचारायचा, शेवटी चित्र बघून एखादी विनंती करायची. 'खाणंपिणं' हा विषय आणि कार्डावर 'फ्रूश्ट्युक' म्हणजे नाश्ता. 'वास इस्ट डू त्सुम फ्रूश्ट्युक?', म्हणजे 'नाश्त्याला काय खातोस?', एवढंच विचारायचं असतं. या मुलांना त्या क्रियापदाची सगळी रूपं पाठ असतात, पण समोरच्याला काही विचारायची वेळ त्यांच्यावर वर्गात आलेलीच नसते, कारण प्रश्न विचारायचं काम कायम माझ्याकडे असतं.

आणि आता हे फक्त गुणांपुरतं राहिलेलं नाही. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्यूलर भवनातून कित्येक पिढ्या शिकून गेल्या. पण आता येणारे वेगळे आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याच्या आधीपासूनच माझ्या घरच्या बॅचला नर्सिंग झालेल्या मुली आणि आयटीआयची मुलं यायला लागली होती. कर्ज काढून आलेली असतात. त्यांना वॉर्डात रुग्णाचं बोलणं कळलं पाहिजे आणि उत्तर देता आलं पाहिजे. त्यांना मी अर्धवट शिकवून पाठवू शकत नाही.

दुसरीकडे माझ्या ओळखीतल्या चांगल्या शिक्षिका एकेक करून कंपन्यांमध्ये गेल्या. जर्मन येणाऱ्याला तिथे पगार जास्त आणि घरी वह्या नाहीत. मला जायचं नाहीये. मला हेच काम अजून वीस वर्षं करायचं आहे, म्हणून हा धागा.

थोडं वाचलं आहे, तेही सांगते. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांची मांडणी मला सगळ्यात उपयोगी वाटली. अर्थ समजून ऐकणं-वाचणं, अर्थ पोचवण्यासाठी बोलणं-लिहिणं, भाषेच्या रचनेचा अभ्यास, आणि जे येतं तेच सफाईने, वेगाने वापरणं, या चार गोष्टींना वेळ सारखा हवा असं ते म्हणतात. माझ्या तासात तिसरी गोष्ट बाकी तिघींना खाऊन बसलेली आहे, आणि चौथीला तर जागाच नाही. चुका सुधारण्याबद्दल जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये लिहिलं की लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देणं निरुपयोगी आहे, ते बंदच करावं. डॅना फेरिस यांनी त्याला ठाम विरोध केला, तो वाद पुढे बरीच वर्षं चालला. मी फेरिसबाईंच्या बाजूची आहे, पण प्रत्येक चुकीला लाल शाई हवी हे मात्र दोघांपैकी कुणाचंच म्हणणं नाही.

माझ्या वर्गात चाललेली एक गोष्ट म्हणजे लाउफडिक्टाट, धावतं श्रुतलेखन. उतारा व्हरांड्यात भिंतीवर चिकटवायचा. जोडीतल्या एकाने धावत जाऊन वाक्य वाचायचं, लक्षात ठेवून परत यायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, त्याने लिहायचं. वाचन, स्मरण, उच्चार, श्रवण, लेखन सगळं होतं आणि माझा घसा शाबूत राहतो. शेवटी मुलं मूळ उताऱ्यावरून स्वतःच तपासतात. अशी कामं मला हवी आहेत.

तर विचारायचं ते असं. वह्यांचं ओझं कसं कमी केलंत? वर्गात मराठी-हिंदी-इंग्रजी किती वापरता? अमेरिकेतल्या भाषाशिक्षकांची ॲक्टफल ही संस्था नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त वेळ शिकवायची भाषाच वापरा म्हणते. चाळीस मुलांच्या वर्गात ते कुणाला जमलं आहे का? आणि पाठ्यपुस्तकातलं काय गाळता?

- अबोली_जर्मन

---

जुना_खडू:

अबोलीताई, मी मुंबईत फ्रेंच शिकवून निवृत्त झालो. वह्यांबद्दल सांगतो. जूनमधल्या पहिल्या पालकसभेतच जाहीर करायचं की या वर्षी प्रत्येक पंधरवड्याला एकच गोष्ट तपासली जाईल. या पंधरवड्यात क्रियापदाची जागा, पुढच्यात नामाचं लिंग. विषय फळ्याच्या कोपऱ्यात आणि वहीच्या पानावर वर लिहून ठेवायचा. मग तपासताना डोळा फक्त तेवढंच शोधतो, एका वहीला लागणारा वेळ निम्म्यापेक्षा खाली येतो. चूक दिसली तर समासात नुसती खूण करायची, दुरुस्त मुलाने करायचं. खूण दिसली की कोणतं मूल परत विचार करतं आणि कोणतं करत नाही, हेही लगेच कळतं.

बोलण्यातल्या चुकांचंही तेच. कॅनडात फ्रेंच माध्यमाच्या वर्गांमध्ये रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी निरीक्षण केलं होतं, १९९७ मध्ये ते छापून आलं. शिक्षक बहुतेक वेळा मुलाचं चुकलेलं वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणतात, आणि नेमक्या त्याच पद्धतीत मुलं स्वतः सुधारणा सगळ्यात कमी करतात. मी ते वाचल्यापासून वाक्य पुरं करून द्यायचं थांबवलं. चुकलेल्या शब्दाच्या अलीकडपर्यंत म्हणायचं आणि थांबायचं. पुढचं मूल म्हणतं. घसाही वाचतो.

---

साकुरा_कोथरूड:

मी जपानी शिकवते. आमची गंमत अशी की जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत तोंडी भागच नाही, त्यामुळे एन-थ्री ही मधली पातळी झालेली मुलंसुद्धा बोलायला घाबरतात. तुमच्याकडे निदान परीक्षा तुमच्या बाजूने आहे, तिचा फायदा घ्या.

मी शब्दांच्या चाचण्या काढणं आणि तपासणं पूर्ण बंद केलं. वर्गाच्या मागच्या बाजूला चपलांची खोकी ठेवली आहेत, आत पाच कप्पे. कार्डाच्या एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला अर्थ. आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आलं तर परत पहिल्यात. मागचे कप्पे जास्त दिवसांनी उघडायचे. झेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली, म्हणजे मूळ तुमच्याच भाषेतली आहे. तासाची पहिली पाच मिनिटं जोड्यांमध्ये मुलंच एकमेकांना विचारतात. आठवायचा प्रयत्न केला की शब्द टिकतो, नुसतं पुन्हा वाचून तितका टिकत नाही, यावर रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचं २००६ चं काम प्रसिद्ध आहे. ए-वनला गोएथेची यादी साडेसहाशेच्या आसपास शब्दांची आहे ना? वर्षभरात आरामात बसेल.

दुसरं, वर्कशीट बनवणं सोडलं. नववीची मुलं जे छोटे उतारे लिहितात ते सातवीला वाचायला देते. एकदा नीट तपासून घेतले की पुढची कित्येक वर्षं चालतात, आणि शेजारच्या वर्गातल्या दादाने लिहिलंय म्हणून सातवी ते मन लावून वाचते.

---

गोदाकाठ:

थोडा वेगळा सूर लावतो. मी नाशिकला अकरावी-बारावीला जर्मन शिकवतो, निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलेली. 'मुलांना बोलतं करा' या उत्साहात व्याकरण कमी करू नका, आणि नव्वद टक्क्यांच्या मागे तर अजिबात लागू नका. अमेरिकेतलं ते मोजमाप आपल्याला कशाला?

मराठी येणाऱ्या मुलाकडे जर्मनसाठी लागणारं बरंच आधीच असतं. तीन लिंगं त्याला नवीन नाहीत. 'मला थंडी वाजते' म्हणणाऱ्याला 'मिअर इस्ट काल्ट' मध्ये चतुर्थीसारखं रूप का येतं हे दोन मिनिटांत पटतं. इंग्रजीतून समजावलं तर तोच मुद्दा आठवडाभर चालतो. 'वाइल इश क्रांक बिन' मध्ये क्रियापद शेवटी जातं, 'मी आजारी आहे म्हणून' मध्येही, 'म्हणून' सोडलं तर, शेवटीच आहे. मी तासाला पाच-सात मिनिटं शुद्ध मराठीत रचना समजावतो, मग उरलेला तास जर्मन. मी सोडलं ते इंग्रजीतून व्याकरण सांगणं, आणि रूपांच्या तालिका पाठ करून घेणं.

---

हडसनकाठची_शाळा:

आम्ही न्यू जर्सीत रविवारी मराठी शाळा चालवतो. आठवड्यातून एकदा दोन तास. आमच्या मुलांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. 'मराठीत सांग बघू' म्हणणं आम्ही सोडून दिलं, कारण उत्तर आम्हाला आधीच माहीत असतं हे मुलांना कळतं. आता जोडीतल्या दोघांना दोन वेगळी चित्रं देतो, एकमेकांची न बघता दहा फरक शोधायचे. माहिती समोरच्याकडेच असल्याशिवाय बोलायची गरज पडत नाही.

आणि टिकून राहण्याबद्दल: आमचे शिक्षक सगळे स्वयंसेवक आहेत, नोकरी सांभाळून शिकवतात. पूर्वी वर्षभरात निम्मे गळायचे. प्रत्येकाने प्रत्येक आठवड्याची तयारी करायची ही पद्धत बंद केली. एक जण एक घटक नीट तयार करतो आणि सगळे तो वापरतात. अबोली, पुण्यात तर जर्मनच्या शिक्षिका कितीतरी असतील. चौघी जणी मिळालात तरी तयारी चौथ्या हिश्श्यावर येईल.

---

अबोली_जर्मन:

सगळ्यांचे मनापासून आभार. एका रात्रीत इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

खुणांची पद्धत आणि खोकी पुढच्या सत्रापासून सुरू करते. गोदाकाठ, तुमचं म्हणणं मला पटतं, फक्त माझ्या वर्गात गुजराती, तमिळ, हिंदी घरांमधली मुलंही आहेत. तमिळ मुलांना तीन लिंगांचा आधार तसा मिळत नाही. तेव्हा मी रचना फळ्यावर मराठी, हिंदी आणि जर्मन अशी शेजारी शेजारी लिहून बघेन. न्यू जर्सीच्या ताई, चौघींचं बघते, दोघी तर आजच तयार झाल्या.

जुना_खडू काका, एक अडचण उरतेच. पालकांना मी समजावेन. पण पर्यवेक्षिकांनी वही उघडली आणि पानावर एकच खूण दिसली तर त्यांना काय दाखवू? त्यांनाही वरून तपासणी असते.

---

जुना_खडू:

त्यांच्या हातात कागद द्या, तोंडी बोलू नका. सीबीएसईला नववी-दहावीत २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत, त्यातले सब्जेक्ट एनरिचमेंटचे, म्हणजे विषयाला पूरक उपक्रमांचे, ५ भाषांसाठी श्रवण-संभाषणाकरता वापरता येतात. महिन्याला एकदा जोड्यांचं दोन मिनिटांचं संभाषण घ्या, ए-वनच्या कार्डांवरच घ्या, आणि तक्त्यात फक्त तीन रकाने ठेवा: प्रश्न विचारला, उत्तर कळलं, संभाषण पुढे नेलं. एका तासात दहा जोड्या होतात, बाकीची मुलं तेवढ्यात खोकी घेऊन बसतील. तो तक्ता म्हणजे तुमच्या कामाची नोंद. शिवाय दर सत्राला एक पत्र आणि एक उतारा मात्र पूर्ण तपासा, अगदी स्वल्पविरामासकट, आणि ती दोन पानं वहीत सगळ्यात वर लावा. लेखी पेपरची तयारी दिसली की बाईंचा प्रश्न मिटतो. आणि पंधरवड्यांचं वेळापत्रक जूनमध्येच त्यांची सही घेऊन ठेवा, डिसेंबरात नव्हे.