दिल्ली: शनिवार ते सोमवार, सोबत आईबाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा

निगडीकरीण
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघतोय. गोवा एक्सप्रेसने शनिवारी सकाळी निजामुद्दीन, सोमवारी रात्री पुण्याचं विमान. आईचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहास हवा, लेकाला फक्त मेट्रो. शनिवारी इंडिया गेट आणि कुतुबमिनार, रविवारी आग्रा, सोमवारी लाल किल्ला, चांदनी चौक आणि अक्षरधाम असा बेत आहे. जमेल ना?

विटेकर_करोलबाग
ताई, सोमवार आधी खोडा. लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रीय संग्रहालय सगळं सोमवारी बंद. कुतुब आणि हुमायूनची कबर रोज उघडी असतात, ती सोमवारला ठेवा.

आणि शनिवारी सकाळची काही खात्री धरू नका. त्या दिवसांत धुक्यामुळे गाड्या चार-पाच तास सहज लेट होतात. वेळेत पोचलात तर दुपारी इंडिया गेट आणि शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. २०१९ मध्ये झालंय, तिकीट नाही. तिथल्या त्यागचक्राच्या, म्हणजे वर्तुळाकार भिंतींच्या, ग्रॅनाइटवर एकेका शहीद जवानाचं नाव कोरलंय. बाबा तिथून लवकर हलायचे नाहीत. उशीर झाला तर थेट हॉटेल गाठा.

भटक्या७७
आग्रा का सोडायचं? निजामुद्दीनहूनच गतिमान एक्सप्रेस आहे, पावणेदोन तासांत आग्रा. शुक्रवारी ताज बंद असतो, रविवारी काही अडचण नाही.

विटेकर_करोलबाग
उन्हाळ्यात असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण त्या धुक्यात गतिमान गतिमान राहत नाही, आणि ताजपुढे उभं राहून ताज दिसला नाही असं होतं. शिवाय रविवारची गर्दी आणि आईंचे गुडघे. रविवार जुन्या दिल्लीला द्या.

मिसळपाव_नको_पराठा
+१. रविवारी चांदनी चौकातली दुकानं बहुतेक बंद, त्यामुळे रस्ता मोकळा. खाण्याची चालू असतात. साडीखरेदी मात्र विसरा. वायलेट लाईनवर ‘लाल किल्ला’ स्टेशनला उतरायचं. आधी किल्ला, मग आईंना सायकलरिक्षात बसवून चांदनी चौकाच्या दुसऱ्या टोकाला फतेहपुरी मशिदीपर्यंत. भाडं बसायच्या आधी ठरवा.

दरिबा या चांदीबाजाराच्या गल्लीच्या तोंडाशी तुपातली जाडजूड जिलबी मिळते, आपल्या जिलबीसारखी कुरकुरीत नसते. थंडीत ‘दौलत की चाट’ही असते: दुधाचा फेस, वर केशर आणि खवा. तोंडात टाकला की गायब. सकाळीच खा, दुपारपर्यंत संपते. पराठेवाली गलीतले पराठे तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात. एकात दोघं खा.

पानिपतकर
बाबांना लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे बादशहाच्या खास दरबारात, उभं करा आणि वर बघायला सांगा. छताला चांदी होती. १७६० साली पैशाची चणचण भासली तेव्हा सदाशिवरावभाऊंनी ती उतरवून रुपये पाडले. पुढच्या जानेवारीत पानिपत. किल्ल्यात ही गोष्ट सांगणारा कुणी भेटेलच असं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

निगडीकरीण
आग्रा रद्द! नवरा रुसलाय, पण जिलबीवर मानेल. अक्षरधाम मग शनिवारी संध्याकाळी? आणि सोमवारी आधी काय?

विटेकर_करोलबाग
गाडी वेळेत आली तरच. मोबाईल, बॅग सगळं बाहेर जमा करावं लागतं आणि सुट्टीत त्याचीच रांग मोठी असते. मी तर सोडाच म्हणेन.

सोमवारी ऊन पडल्यावर आधी कुतुब. यलो लाईनवर स्टेशन आहे, तिथून ऑटो. आत बरंचसं सपाट आहे. मिनारावर चढू देत नाहीत, १९८१ च्या चेंगराचेंगरीपासून बंदच आहे. दुपारी हुमायूनची कबर. चौथऱ्याच्या पायऱ्या उंच आहेत, आईंना खाली बागेतच बसू द्या. तिथूनही घुमट छान दिसतो. लेक कंटाळला तर शेजारीच ‘सुंदर नर्सरी’ नावाची मोठी बाग आहे, तिथे पळू द्या.

विमानाचं टर्मिनल आजच बघून ठेवा. टी-३ असेल तर नवी दिल्ली स्टेशनहून एअरपोर्ट एक्सप्रेस, टी-१ असेल तर मॅजेंटा लाईन.

निगडीकरीण
टी-१ निघालं. बरं झालं विचारलंत. आता स्वेटर किती घेऊ?

मिसळपाव_नको_पराठा
स्वेटर, त्यावर जॅकेट, कानटोपी, पायमोजे. पुण्यातली थंडी विसरा.