प्रतिसाद: सामाईक मालकी म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा नव्हे

लोक एकत्र राहून एकत्र काम करतात अशा सामूहिक वस्तीत प्रत्येक सभासदाचा जमिनीत हिस्सा असतो आणि बाहेर पडताना तो मागता येतो, असा एक दावा केला जातो; त्याला हा प्रतिसाद. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात 1967 साली स्थापन झालेल्या ट्विन ओक्स या सामूहिक वस्तीची व्यवस्था मात्र वेगळी आहे. तेथे जमीन, इमारती आणि व्यवसाय वस्तीच्या मालकीचे असून, कोणी कितीही वर्षे राबले तरी निघताना त्यातील वाटा मिळत नाही. हिशेब कठोर वाटेल. पण प्रत्येक जाणाऱ्याला वाटा द्यायचा झाला असता, तर ती जमीन केव्हाच विकावी लागली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

सभासदाची पूर्वीची मालमत्ता त्याच्याच नावावर राहते. मात्र वस्तीत असेपर्यंत ती वापरता येत नाही. टोफू (सोयाबीनचे पनीर) बनवणे असो, स्वयंपाक असो वा मुलांचा सांभाळ, एका तासाच्या कामाचे श्रेय सारखेच धरले जाते. आपल्याकडे घरकामाला हिशेबाच्या वहीत जागाच नसते, म्हणून मला ही बाब विशेष मोलाची वाटते. वस्तीतील कामाच्या बदल्यात अन्न, निवारा, औषधोपचार आणि थोडा हातखर्च मिळतो.

करसवलतीचा प्रश्नही सोपा नव्हता. समाईक तिजोरी असलेल्या संस्थांसाठीचे अमेरिकी करकायद्यातील 501(डी) हे करसवलतीचे कलम ट्विन ओक्सला लागू करण्यास करखात्याने नकार दिला होता, परंतु 1986 मध्ये कर न्यायालयाने वस्तीच्या बाजूने निकाल दिला.