साम्बा शेअर सारखा पासवर्ड मागतोय

प्रश्न: उबुंटूवर (लिनक्स) साम्बा टाकलाय, म्हणजे त्यावरची फोल्डर्स विंडोजला नेटवर्कवरून उघडता यावीत म्हणून, विंडोजमधून शेअर उघडायला गेलं की युजरनेम पासवर्ड मागतं, बरोबर टाकला तरी तीच खिडकी परत वर येते. त्याच पासवर्डने एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरवर लॉगिन) मात्र लगेच होतं. दोन दिवस डोकं लावतोय, काय राहतंय?

उत्तर १: साम्बा लिनक्सचा पासवर्ड बघतच नाही, त्याची स्वतःची वेगळी यादी असते, सगळे इथेच अडकतात. सर्व्हरवर सुडो लावून पीडीबीएडिट -एल (कॅपिटल एल) चालवा, ती यादी दिसेल, तुमचं नाव नसेल तर सुडो लावूनच एसएमबीपासडब्ल्यूडी -ए आणि पुढे युजरनेम, म्हणजे नाव यादीत जाईल.

प्रश्नकर्ता: नाव नव्हतंच! टाकलं, आता फोनवरून उघडतंय पण विंडोज एरर १२१९ देतंय.

उत्तर २: म्हणजे त्याच सर्व्हरला आधीच दुसऱ्या नावाने कनेक्शन चालू आहे, विंडोज एका सर्व्हरला दोन नावांनी जोडू देत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज चालवून चालू कनेक्शनची यादी बघा, जुनं कनेक्शन डिलीट करा आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) नोंद पण काढा, नाहीतर रीस्टार्टनंतर परत जुनाच पासवर्ड पाठवत बसेल. आणि कंटाळून गेस्ट अ‍ॅक्सेस (बिनपासवर्ड प्रवेश) चालू करू नका प्लीज, फाइल्स उघड्या पडतात.

प्रश्नकर्ता: यादीत आयपीसी डॉलरचं (सर्व्हरशी बोलायला विंडोज स्वतःच वापरतं तो लपलेला शेअर) जुनं कनेक्शन होतं, काढल्यावर लगेच उघडलं. मनापासून आभार दोघांचे!