१५ हजारात गेमिंग मॉनिटर: १४४ हर्ट्झ घेऊ का १८०? जरा सांगा की

निपाणी_नाका
नमस्कार मंडळी, एसएसएलसीच्या (दहावीच्या) पोरांच्या शिकवण्या घेऊन वर्षभरात १५ हजार साठवलेत आणि आता मॉनिटर घ्यायचाय. सध्या वडिलांच्या दुकानातला जुना १९ इंची वापरालोय, ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रं), कन्व्हर्टर लावून व्हीजीएवर. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, प्रोसेसर रायझन ५ ३६००, रॅम १६ जीबी. गेम म्हणजे जास्त व्हॅलोरंट, कधी सीएस २ (दोन्ही गोळीबाराचे), सुट्टीत जीटीए ५. शनिवारी बेळगावला गेलतो, दुकानदार म्हणाला २७ इंची कर्व्ह घे, फुल एचडी, व्हीए पॅनल, १८० हर्ट्झ, डोळे झाकून घे. त्याच्या बाजूलाच २४ इंची, आयपीएस म्हणजे दुसऱ्या जातीच्या पॅनलचा, १४४ चा होता, दोन हजारानं कमी. १४४ आणि १८० मधला फरक खरंच कळतो का, आणि माझ्या कार्डाला झेपणार का? परत परत घेणं जमणार नाही म्हणून विचारालोय.

तिसरं_गेट
भावा २४ इंची घे, आणि का ते नीट वाच. ६० हर्ट्झला पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदानं नवीन चित्र येतं, १४४ ला ६.९ नं, १८० ला ५.६ नं. म्हणजे ६० वरनं १४४ ला गेलास की जवळजवळ १० मिलिसेकंद वाचले, आणि तिथनं १८० ला गेलास तर दीडसुद्धा नाही. पहिली उडी आंधळ्यालाबी कळंल, दुसरी मला दोन मॉनिटर शेजारी ठेवल्यावरच कळली. त्यात तुझं कार्ड. व्हॅलोरंट हलका गेम आहे, सगळं लो ठेवलास तर सेकंदाला दीडशेच्या वर फ्रेम (चित्रं) आरामात येतील, पण सीएस २ आणि जीटीएत तेवढ्या येणार नाहीत, मग त्या १८० चा उपयोग काय? तिथं कामाला येतं ते फ्रीसिंक. कार्ड जेवढ्या फ्रेम देतंय तेवढ्याच वेगानं मॉनिटर चालतो, चित्र मधनंच फाटल्यागत दिसत नाही. एनव्हिडियानं २०१९ पासनं फ्रीसिंकवाल्या मॉनिटरवरबी ते चालू करून दिलंय, तुझ्या कार्डावर चालतंय, फक्त एचडीएमआय नको, डिस्प्लेपोर्टची केबल लागती.

आणि २७ इंचावर फुल एचडी मला पटत नाही. २४ ला एका इंचात ९२ ठिपके बसतात, २७ ला ८२ च. पोरांच्या नोट्स त्याच मॉनिटरवर टाईप करणार असशील ना, अक्षरं फुटल्यागत दिसतात.

खानापूर_पाऊस
वरच्यांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण केबलचं मीबी सांगतो कारण हे घरात झालंय. माझ्या चुलतभावानं १४४ वाला आणला आणि पाच महिने ६० वरच खेळत होता, कुणालाच पत्ता नाही. मी गणपतीला गेलो, माऊस गोल गोल फिरवला तर बाणाच्या सावल्या लांब लांब पडायल्या. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमधनं ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत गेलो, तिथं ६० च होतं. ते १४४ केल्यावर परत माऊस फिरवला तर सावल्या दुप्पट झाल्या आणि एकमेकीला चिकटून. पोरगं गप्पच बसलं बघून. त्यामुळं नवीन मॉनिटर लावलास की पयलं तेच बघ. आणि केबल कॅबिनेटच्या मागं खाली, आडव्या पोर्ट असतात त्या ग्राफिक्स कार्डात लाव, वरच्या मदरबोर्डाच्या पोर्टात नको, तुझ्या ३६०० मध्ये ग्राफिक्सच नाही, तिथं काळा पडदाच येईल. व्हीजीए कन्व्हर्टर कपाटात टाक. बऱ्याच मॉनिटरात एचडीएमआयवर हर्ट्झ कमी मिळतात, पूर्ण डिस्प्लेपोर्टवरच.

अजून एक, आमच्याकडं पावसाळ्यात लाईट दिवसातनं चारदा जाती आणि येताना दणका देऊन येती. यूपीएस नाही जमला तर निदान स्पाईक गार्ड घे, त्यासाठी हजारभर बाजूला ठेव.

शहापूर_रंगरेषा
व्हीएला एकदम बाद करू नका हो. माझ्याकडं व्हीएच आहे. काळा रंग खरोखर काळा दिसतो, कॉन्ट्रास्ट साधारण ३००० ला १, आयपीएसचा १००० च्या आसपास. रात्री दिवा बंद करून गोष्टीवाले गेम खेळायला आणि सिनेमा बघायला मला तोच आवडतो. पण भाऊ, तुम्ही व्हॅलोरंटवाले. स्वस्त व्हीएत काळ्याचं करडं व्हायला पिक्सेल वेळ लावतात, अंधारातनं कोण पळत गेला की मागं शेपूट दिसतं. तुमच्यासाठी आयपीएसच. आणि खोक्यावरच्या १ एमएसवर (मिलिसेकंदावर) जाऊ नका. ते पुष्कळदा एमपीआरटी असतं, मागचा दिवा लुकलुकवून काढलेलं. ते चालू केलं की उजेड कमी होतो आणि बऱ्याच मॉनिटरात फ्रीसिंक बंद पडतं.

दुकानातच लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पूर्ण पडद्याचे रंग लावून बघा. एखादा मेलेला ठिपका बऱ्याच कंपन्या दोष म्हणून धरत नाहीत, घरी नेल्यावर भांडत बसावं लागतं.

निपाणी_नाका
सगळ्यांचे मनापासून आभार. आज घेतला, २४ इंची आयपीएस. कॅबिनेट चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन लाल बसनं बेळगावला नेलतो, म्हटलं माझ्याच कार्डावर लावून बघायचा. दुकानदारानं एचडीएमआय लावली तर यादीत १२० च्या वर आकडाच नाही. खोक्यातनं डिस्प्लेपोर्टची केबल काढायला लावली, मग १४४ दिसला. "हौदरी, बरोबर हाय तुमचं" म्हणाला आणि स्पाईक गार्डात पन्नास रुपये कमी केले. घरी येऊन नोट्सची पीडीएफ सरकवली, सरकताना अक्षरं वाचता यायलीत! आधी नुसता धूर दिसायचा. एकच विचारायचंय, मॉनिटरच्या मेन्यूतला ओव्हरड्राईव्ह (पिक्सेलला पटपट रंग बदलायला लावतो तो) सगळ्यात वर ठेवलाय तर माणूस पळताना त्याच्यामागं पांढरी कड दिसालीय, हे बिघाड आहे का?

तिसरं_गेट
बिघाड नाही. ओव्हरड्राईव्ह जास्त झाला की पिक्सेल पाहिजे त्याच्या पुढं जातो आणि ती कड येती. मधल्यावर ठेव, कड जाईल. सीएस २ मध्ये फ्रेम ७०-८० वर उतरल्यावर परत एकदा बघ, तिथं दिसली तर अजून एक पायरी खाली आण.